तोफ, धातू आणि एक खडा

प्रश्न : आमचा आठ जणांचा वाचनगट आहे. दर महिन्याला एक पुस्तक ठरतं आणि मग त्यावर गप्पा होतात. माझी पाळी आली तेव्हा मी माझं सगळ्यांत लाडकं विज्ञानकथेचं पुस्तक सुचवलं, आर्थर क्लार्क यांचं 'रांदेवू विथ रामा'. सहा जणांना ते रूक्ष वाटलं. 'यात माणसंच नाहीत' असं म्हणून एकीने ते अर्ध्यावर ठेवून दिलं. पुढच्या महिन्यात त्यांनी निवडलेली जादूगारांची जाडजूड कादंबरी मी ऐंशीव्या पानावर सोडली. माझी आवड चुकतेय का? सगळ्यांना रुचेल असं काही असतं का?

उत्तर : तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी कपाटातून 'रामा' काढलं आणि जिन्याचा भाग पुन्हा वाचला. पन्नास किलोमीटर लांब, वीस किलोमीटर व्यासाचं एक पोकळ नळकांडं अवकाशातून येतंय आणि स्वतःभोवती गरगर फिरतंय. माणसं आत शिरतात ती बरोबर मधल्या अक्षापाशी. तिथे वजन जवळजवळ नाहीच. समोर मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात उतरत जाणारा एक जिना. जसजसं खाली जावं तसतसं त्या फिरण्यामुळे अंग जड होत जातं. लेखक कुठेही 'भीती वाटली' असं सांगत बसत नाही, पण शरीराला वजन परत मिळू लागतं तेव्हा माझ्या पोटात दर वेळी खड्डा पडतो. १९७३ सालचं पुस्तक आहे हे. ते नळकांडं कोणी बांधलं हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि मला ते तसंच हवं असतं.

पण तुमची मैत्रीणही खोटं बोलत नाही. आत शिरणाऱ्या माणसांचा प्रमुख, कमांडर नॉर्टन, आठवतो तो त्याच्या कामामुळे. तो रागावतो कसा, रात्री एकटा असताना काय विचार करतो, याची ओढ ते पुस्तक आपल्याला लावत नाही.

हा वाद तुमच्या गटापुरता नाही. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांनी १८६५ मध्ये कादंबरीतली आपली माणसं चंद्राकडे पाठवली ती तोफेतून. १९०१ मध्ये इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी पाठवली ती गुरुत्वाकर्षण अडवणारा एक पदार्थ कल्पून. म्हाताऱ्या व्हर्न यांना हे अजिबात पटलं नाही. १९०३ मधल्या एका मुलाखतीत त्यांनी बोलून दाखवलं की मी भौतिकशास्त्र वापरतो, हे गृहस्थ मनाचं रचतात. असा धातू असेल तर आणून दाखवा. आता गंमत पाहा. व्हर्न यांची तोफ नऊशे फूट लांबीची. एवढ्या अंतरात गोळ्याला सेकंदाला अकरा किलोमीटरचा वेग द्यायचा, तर आतल्या माणसांवर गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहून जास्त जोर येईल. धक्का शोषायला त्यांनी पाण्याचा थर ठेवला आहे, पण त्याने काय होणार? तोफ खरी होती, तिच्यातून जिवंत बाहेर पडणारी माणसं मात्र कल्पनेतलीच.

म्हणून मला असं वाटतं, आणि हे मी मनापासून सांगतेय, की प्रत्येक वाचक लेखकाला कुठेतरी उधारी देतो आणि कुठेतरी रोख मागतो. व्हर्न यांनी यंत्राच्या बाबतीत रोख मागितली आणि माणसाच्या हाडांच्या बाबतीत स्वतःलाच उधारी दिली. तुम्ही भौतिकशास्त्र रोखीने मागता, स्वभावचित्रणाची थकबाकी तुम्हाला चालते. तुमच्या मैत्रिणीचं उलट आहे. यात चूक कोणाचीच नाही. फक्त आपली रोखीची जागा कुठली, हे ओळखता आलं पाहिजे.

माझी रोखीची जागा भाषा आहे. दहा हजार वर्षांनंतरच्या साम्राज्यातली माणसं आजच्या बातम्यांच्या भाषेत बोलायला लागली की माझं मन उडतं. आणि तरीही फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' ही विज्ञानकादंबरी, हे पुस्तक मी दोनदा पन्नासाव्या पानाच्या आसपास सोडलं होतं, इतके अनोळखी शब्द एकदम अंगावर आले. तिसऱ्या वेळी मी पुस्तकाच्या शेवटी दिलेला शब्दकोश आधी वाचून काढला, एखाद्या नव्या गावाचा नकाशा पाहावा तसा. मग ते पुस्तक असं उघडलं की मी तीन दिवस दुसरं काही वाचलंच नाही. ज्यांनी आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलणाऱ्या लोकांच्या कथा लिहिल्या, त्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या टोलकीन यांना मात्र 'ड्यून' मुळीच आवडलं नव्हतं. १९६६ च्या एका पत्रात त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं आहे. एवढी मोठी माणसं एकमेकांना रुचत नाहीत, मग तुमच्या आठ जणांचं एकमत व्हावं असा आग्रह कशाला?

तुम्ही सोडलेल्या जाड कादंबरीकडे परत जाऊ नका. त्याऐवजी अर्सुला ल ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' घ्या. १९६८ सालचं, आटोपशीर आहे. त्यात जादूच्या शाळेतला एक गुरू गेड नावाच्या मुलाला हातातल्या खड्याचा हिरा करून दाखवतो. पण तो केवळ भास असतो. खरोखरचा हिरा करायचा तर खड्याचं खरं नाव बदलावं लागेल, आणि ते म्हणजे जग बदलणं. एक खडा, वाळूचा एक कण बदलण्याआधीही त्यातून कोणतं बरं-वाईट निघेल हे माहीत हवं, असं गुरू बजावतो. मुलाला ते पटत नाही, आणि पुढचं सगळं पुस्तक त्या न पटण्याची किंमत सांगतं. ऊर्जेचा हिशेब मागणाऱ्या तुमच्यासारख्या वाचकाला ही जादू परकी वाटणार नाही. इथेही काही फुकट मिळत नाही.

आणि गटासाठी त्याच लेखिकेचं 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) सुचवा. ज्या ग्रहावरची माणसं कायमची स्त्री किंवा पुरुष नसतात, अशा गोठलेल्या ग्रहावर एक दूत एकटाच येतो. शेवटाकडे तो दूत आणि तिथलाच एक जण घसरगाडी ओढत ऐंशीएक दिवस हिमाच्या पठारावरून चालतात. रोजचं अंतर, उरलेला शिधा, तंबूतली ऊब यांचा चोख हिशेब आहे, म्हणजे तुमची सोय झाली. त्याच तंबूत दोन माणसं हळूहळू एकमेकांना कळू लागतात, म्हणजे मैत्रिणीचीही झाली. सुरुवातीचं दरबारी राजकारण थोडं चिवटपणे पार करावं लागतं, तेवढं गटाला आधीच सांगून ठेवा.

अजून एक करून पाहा. जयंत नारळीकरांनी १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. शास्त्रज्ञ म्हणून असलेल्या नावाचा वजनकाटा कथेला लागू नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. तुमच्या गटातही पुस्तकाचं नाव, लेखक, मुखपृष्ठ सगळं झाकून कोणीतरी दहा पानं मोठ्याने वाचून दाखवावीत. आणि नंतर 'आवडलं का?' असं विचारू नका. 'कुठल्या वाक्यावर विश्वास उडाला?' असं विचारा. प्रत्येकाचं वाक्य वेगळं निघेल, आणि मग गप्पा खऱ्या रंगतील.

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी फक्त जादूची पुस्तकं वाचते. तिला विज्ञानकथांकडे कसं वळवू?

उत्तर : वळवू नका हो. मूल एका वाटेने मनसोक्त धावत असताना त्याचा हात धरून दुसऱ्या वाटेला ओढलं, तर दोन्ही वाटा सुटतात. ती वाचतेय ते आधी तुम्ही वाचा आणि तिला विचारा, या जादूला काय जमत नाही? तिच्याकडे उत्तर तयार असेल, मुलांना नियम फार नीट आठवतात.

मग कधीतरी नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा तिच्या हाताशी पडेल अशी ठेवा. डावं-उजवं अचानक उलटं होतं, आणि ते का, याचं उत्तर भूमितीत सापडतं. तिला आधी चमत्कार दिसेल. कारण नंतर दिसलं तरी चालेल. आणि नाहीच आवडली तर पुन्हा तिच्या वाटेला जाऊ द्या, मला त्यात काहीच वाईट दिसत नाही.

प्रश्न : 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तीन भागांत आहे. कुठलाही भाग आधी वाचला तर चालेल का?

उत्तर : नाही. ती एकच कादंबरी आहे; १९५४-५५ मध्ये ती तीन खंडांत छापली गेली, एवढंच. पहिल्यापासूनच सुरू करा. धीर होत नसेल तर आधी 'द हॉबिट' (१९३७) वाचा, ते मुलांसाठी लिहिलेलं आणि हलकं आहे. आणि पहिल्या खंडाच्या आरंभी हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांच्या तंबाखूबद्दल जी पानं आहेत, ती पहिल्या वाचनात खुशाल गाळा. शेवटचा खंड संपला की त्याच पानांकडे आपण स्वतःहून परत येतो, मी आले होते.