मास्क उतरला, खोकल्याचं काय?

(इंदूर, एप्रिल २०२२. छातीविकारतज्ज्ञाकडे आलेले वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं)

पाडव्यापासून मला येणाऱ्या दहा प्रश्नांतले आठ मास्कचे असतात. त्यांतलेही सहा नातेवाइकांच्या ग्रुपवरून जसेच्या तसे उचललेले. म्हणून एकदाच उत्तरं देतो.

मुलगा पुण्यात असतो. तो म्हणतो, “आई, मास्क संपला, सरकारनंच सांगितलं.” मग इंदुरात आम्हीच का लावायचा? (सुदामानगर)

मुलाने बातमी अर्धी वाचली आहे. २०२० च्या मार्चपासून आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जे केंद्राचे आदेश होते, ते ३१ मार्च २०२२ ला संपले. पण मास्क आणि हात धुणं चालू ठेवा, हेही गृहमंत्रालयाने त्याच वेळी राज्यांना कळवलं. महाराष्ट्राने २ एप्रिलपासून, म्हणजे पाडव्यापासून, मास्क ऐच्छिक केला. ऐच्छिक म्हणजे दंड नाही, एवढंच. आणि तो आदेश महाराष्ट्रापुरता. इथे आपल्या प्रशासनाचा आदेश चालतो, पुण्याहून आलेला फोन नाही. दिल्लीचं पाहिलंत ना? एप्रिल लागताच दंड थांबवला आणि महिना संपायच्या आत ५०० रुपयांचा दंड परत आणला. तुम्हाला दमा आहे असं पत्रात लिहिलंय. तेव्हा गर्दीत लावा, आणि तुमच्या पंपाची मात्रा डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या.

व्हॉल्व्हवाला एन-९५ जास्त चांगला का?

नाही. त्यातून तुमचा उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो. केंद्राच्या आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्येच राज्यांना तसं लिहिलं होतं, तरी तो दुकानात अजून टांगलेला दिसतो. ‘नॅनो’, ‘हर्बल’, ‘सुगंधी’ असं छापलेलं तर सरळ परत करा.

एन-९५ धुऊन किती वेळा वापरावा?

धुवायचाच नाही. त्याच्या थरांवरचा विद्युतभार कण ओढून धरतो. साबण-पाण्याने तो जातो आणि उरतं नुसतं फडकं.

आईला मास्कमुळेच काळी बुरशी होईल अशी भीती वाटते.

नाही होत. २०२१ मध्ये ज्यांना झाली त्यांतल्या बहुतेकांची साखर वाढलेली होती किंवा स्टिरॉइड बेसुमार दिलेलं होतं. ओला, मळका मास्क बदलावा, तो स्वच्छतेसाठी. आईंची साखर शेवटची कधी तपासली?

रंगपंचमीला राजवाड्यावर लाखो लोक विनामास्क होते. काही झालं का? मग मास्कचं थोतांडच होतं ना! (लोकमान्यनगर)

दोन वर्षांनी गेर, म्हणजे रंगपंचमीची आपली रंगांची मिरवणूक, निघाली. मीसुद्धा एका ओळखीच्यांच्या गच्चीवरून पाहिली, आणि मास्क घातला नव्हता. त्या गेरवरून मास्कचा निकाल मात्र लावू नका. एक तर गेर उघड्यावर असते. तोंडातून निघालेले बारीक कण वाऱ्यावर पांगतात. दुसरं, जानेवारीत ओमिक्रॉन घराघरांतून फिरून गेला होता आणि लसही झालेली होती. हीच माणसं खिडक्या बंद, एसी चालू अशा हॉलमध्ये दोन तास भजन म्हणत बसली तर हिशेब बदलतो. खड्या आवाजात गाताना बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त कण उडतात आणि बंद खोलीत ते तरंगत राहतात. रस्त्यावर एकट्या चालणाऱ्याला अडवून चलान फाडणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण दवाखान्यातल्या बाकावर शेजारी खोकत असताना मास्क हनुवटीवर ठेवणारे मला त्याहून कमी पटतात.

मुलगी चार वर्षांची आहे. बालवाडीत मास्क सांगतात.

पाच वर्षांपर्यंत नको. शाळेशी बोला. तिला काही जुना आजार असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा.

जानेवारीत कोरोना झाला, घरीच बरा झालो. खोकला मात्र जात नाही. सगळे म्हणतात पोस्ट-कोविड आहे. मेडिकलवाल्याने दोन सिरप आणि पाच दिवसांची भारी अँटिबायोटिक दिली, थोडं बरं वाटलं, परत सुरू. आता मास्क काढला की दुकानात लोक वळून बघतात. वय ५२, मधुमेह आहे. (मालवा मिल)

या पत्रासाठीच हा रकाना लिहायला बसलो असं समजा.

कोरोनानंतर काही आठवडे कोरडा खोकला राहू शकतो, हे खरं. तुमचे तीन महिने झाले आणि छातीचा एक फोटोसुद्धा निघालेला नाही! दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासायचा, हा आपल्या देशातला कोरोनाच्या कितीतरी आधीचा नियम आहे. टीबीसाठी. महामारीत तो आपण विसरलो. २०१९ साली देशात टीबीचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० साली १८ लाख. टीबी घटला नव्हता, नोंद घटली होती. टाळेबंदीत माणसं दवाखान्यापर्यंत पोहोचली नाहीत. आणि खोकणं हा गुन्हाच झाल्यामुळे जो तो खोकला गिळायला शिकला. ते न नोंदलेले रुग्ण आपल्यातच आहेत, मास्क उतरवून.

त्यातून तुम्हाला मधुमेह, म्हणजे टीबीचा धोका वाढलेला. आणि ती ‘भारी अँटिबायोटिक’ कोणती होती? लेव्होफ्लॉक्सासिनच्या जातीची असेल तर ती टीबीचे जंतू काही दिवस दबवते, माणसाला बरं वाटतं आणि निदान महिना-महिना पुढे जातं. मेडिकलवाल्याला ते ठाऊक नसतं, असलं तरी सिरप विकायचंच असतं. खोकल्याच्या बाटलीने टीबी जात नाही.

तुम्हाला टीबी आहेच असं मी म्हणत नाही. दमा, पित्त, रक्तदाबाची एखादी गोळी, काहीही असू शकतं. पत्रावरून मी औषध देणार नाही. पण उद्या सकाळी उपाशीपोटी जवळच्या सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी करा, एक्स-रे काढा. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट, आणि निदान झालं तर उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दर महिन्याला सरकारी मदत खात्यात येते. सोबत साखरेचा रिपोर्ट घेऊन छातीच्या डॉक्टरांना दाखवा. वजन घटलं असेल, संध्याकाळी कणकण येत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं असेल तर उद्याचीही वाट पाहू नका.

आणि तोवर मास्क लावा. नियम काहीही म्हणो, मास्कची खरी गरज खोकणाऱ्यालाच. मी स्वतः ओपीडीत २०२० च्या आधीही लावत होतो, तेव्हा पेशंटना वाटायचं डॉक्टर शिष्ट आहेत.

तिसरा डोस घेतला की मास्क सुटला ना? वय ४५.

दोन्हींचा संबंध नाही. दुसऱ्या डोसला नऊ महिने झाले असतील तर १० एप्रिलपासून खाजगी केंद्रावर मिळतो. आधीचे दोन डोस ज्या लसीचे, तिसराही त्याच लसीचा असतो. सेवाशुल्क १५० रुपयांपेक्षा जास्त मागितलं तर देऊ नका. साठीच्या पुढच्यांना सरकारी केंद्रात फुकट.

३ मेला, अक्षय्यतृतीयेला, मुलीचं लग्न. मुंबई-वडोदऱ्याहून विमानाने पाहुणे येतील. सगळ्यांकडून आरटीपीसीआर मागवावी का? सासूबाई डायलिसिसवर आहेत.

सरसकट आरटीपीसीआर नको. ताप-खोकला असलेल्याने येऊ नये, हे पत्रिकेसोबतच कळवा; मानापमान नंतर बघता येईल. विमानात मास्क सक्तीचाच आहे. पंगत एसी हॉलऐवजी लॉनवर घ्या. सासूबाईंना एन-९५ लावून मोकळ्या बाजूला बसवा. पाया पडणाऱ्यांची रांग त्यांच्यापर्यंत नेऊ नका. त्यांना लग्नात आणावं की नाही, हे त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांना हॉल ठरवण्याआधी विचारायला हवं होतं. अजून विचारलं नसेल तर पुढच्या डायलिसिसच्या दिवशीच विचारा.