आवर्तन लांबलंय, बोअर आटलाय : सोलापूरच्या शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

कार्तिकीची वारी झाली, तरी परतीच्या पावसाने यंदा तोंड दाखवलं नाही. येणारा जवळजवळ प्रत्येक प्रश्न पाण्याचा आहे आणि प्रत्येकाच्या शेपटीला 'दुकानदार म्हणाला' जोडलेलं आहे. पिकं वेगळी, तालुके वेगळे, पण दुकानदाराचं उत्तर सगळीकडे एकच : एक बाटली आणि एक जादा पोतं.

मोहोळ : जुलैतला आडसाली ऊस आहे. उजनी धरणाचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटेल सांगता येत नाही. एकरी एक पोतं युरिया जादा टाकून टॉनिक मारलं तर ऊस तग धरेल, असं दुकानदार म्हणतो. मारू का?

नको. कोरड्या रानात युरिया टाकला तर थोडा हवेत उडतो आणि उरलेला मुळाशी खारटपणा वाढवतो. मधे एखादी पाळी मिळालीच, तर त्या नत्रावर ऊस लुसलुशीत वाढतो आणि पुढच्या पाळीला दुप्पट पाणी मागतो. ती पाळी तुमच्याकडे नाही. टॉनिकचंही तेच, वाढ करणारी कोणतीही वस्तू आज उसाला नको आहे.

हे करा. खालची वाळलेली पानं काढून सरीतच अंथरा. पाळी आली की एक आड एक सरी भिजवा, पुढच्या पाळीला राहिलेल्या सऱ्या. फवारणी करायचीच तर 2 टक्के म्युरेट ऑफ पोटॅश (लाल पोटॅश) आणि 2 टक्के युरिया. हा पानावरचा हलका डोस आहे, रानात टाकायचं पोतं नव्हे. म्हणजे 15 लिटरच्या पंपाला दोन्ही 300-300 ग्रॅम, 200 लिटरच्या बॅरलला 4-4 किलो, आणि तेही वजन करून. ओंजळीने टाकू नका. गड्याच्या ओंजळीने करपलेले फड मी इतके पाहिलेत की आता शेताच्या बांधावरून ओळखतो. लाल पोटॅश रात्री भिजत घालून सकाळी फडक्यातून गाळा, नाहीतर नोझल धरतं. फवारणी सकाळी नऊच्या आत किंवा चार वाजल्यानंतर. ताण कायम राहिला तर 15 ते 20 दिवसांनी पुन्हा, पण डोस तोच. 2 टक्क्यांनी फायदा झाला म्हणून 4 टक्के करणारे पुढच्या आठवड्यात पानं घेऊन माझ्याकडे येतात.

उजनीबद्दल एक गोष्ट समजून घ्या. धरण सुमारे 117 टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), पण त्यातलं 63 टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्यात, म्हणजे तळाच्या राखीव थरात आहे. टक्केवारी सांगतात ती वरच्या 53 टीएमसीच्या आसपासच्या उपयुक्त साठ्याची. धरण 'उणे' झालं, म्हणजे उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यात गेलं, की पाणी आधी पिण्याला, मग बाकीच्यांना. नदीत सोडलेलं पाणी शहरांसाठी असेल तेव्हा काठावरच्या मोटारींची वीज तोडतात, हे भीमाकाठाला नवं नाही. 2023 साली धरण जेमतेम 60 टक्के भरलं होतं. त्या ऑक्टोबरच्या शेवटी राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपले बार्शी, करमाळा, माढा, माळशिरस आणि सांगोला होते. त्या वर्षी ज्यांनी निम्मा ऊस सोडून निम्म्याला पूर्ण पाणी दिलं, त्यांच्या पदरात काहीतरी पडलं. सगळ्याला अर्धं अर्धं देणाऱ्यांचं सगळंच गेलं.

पंढरपूर : ऊस तुटला. खोडवा (त्याच बुडख्यांतून फुटणारा ऊस) ठेवू का? पाचट, म्हणजे उरलेली वाळकी पानं, पेटवून दिलं तर रान लवकर मोकळं होतं.

पेटवू नका. काडीपेटी घरी ठेवा. एकरी तीन-चार टन पाचट म्हणजे रानावरचं पांघरूण आहे, आणि दुष्काळात यापेक्षा स्वस्त उपाय मला वीस वर्षांत सापडलेला नाही. बुडखे जमिनीलगत छाटा आणि पाचट सरीत दाबा. पाचटाच्या टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून पहिलं पाणी द्या. वर युरिया नको म्हणालो आणि इथे सांगतोय, हे विचाराल. हा युरिया उसाला नाही, पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंना आहे, आणि तो पाण्यासोबतच द्यायचा आहे. पाणी नसेल तर पाचट नुसतं पसरून ठेवा, खत नंतर.

पाचटात उंदीर होतात, पहिलं पाणी सरीत पुढे सरकत नाही, शेजाऱ्याची ठिणगी पडली तर सगळं जातं, या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. बांधाकडचा दोन-तीन सऱ्यांचा पट्टा मोकळा ठेवा आणि पहिलं पाणी सावकाश फिरवा. दुसऱ्या पाळीपासून फरक तुम्हीच सांगाल.

सांगोला : डाळिंबाची 300 झाडं, विहिरीला दोन तास पाणी. दुकानदार म्हणतो, आंबे बहार (हिवाळ्याच्या शेवटी येणारी फुलं) धरा, पानं गाळायचं इथ्रेल जरा कडक मारा, बुडात पाणी शोषून धरणारं हायड्रोजेल टाका, पाणी कमी लागेल.

या एका सल्ल्यात तीन चुका आहेत.

आंबे बहाराचं फळ मार्च ते मेमध्ये पोसतं, म्हणजे विहीर तळाला जाते तेव्हाच झाड सर्वांत जास्त पाणी मागतं. हिशोब करा : झाडाला 4 लिटरचे चार ड्रिपर, म्हणजे 300 झाडांना तासाला 4,800 लिटर. आज विहीर दोन तास चालते. एप्रिलमध्ये किती चालेल ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

इथ्रेल लिटरला 1 ते 2 मिली, त्यापुढे नाही, आणि ताणाने आधीच पिवळ्या पडलेल्या झाडाला खालचाच आकडा. 'कडक' मारलं की पानांबरोबर बारीक काड्याही वाळतात. अशा खंगलेल्या झाडावर खोडाला भोकं पाडणारी कीड आधी येते. सांगोल्याला हे सांगायला नको, बागा काढून टाकलेली रानं तिथे अजून दिसतात. यंदा बहार धरायचा नसेल, तर इथ्रेल विकतच घेऊ नका.

हायड्रोजेल पाणी धरतं, तयार करत नाही. ते पेरणी-लागवडीच्या वेळी मुळांच्या थरात मिसळायचं. उभ्या झाडाच्या बुडाशी वरून भुरभुरलेलं जेल उन्हात वाळून जातं आणि पैसे दुकानात राहतात.

यंदा बाग जगवा. बुडात उसाचं पाचट किंवा तुरीचं भुसकट चार-पाच इंच पसरा, ड्रिप रात्री चालवा आणि पाऊस पडल्यावर मृग बहार धरा. मृगात तेल्या रोगाची भीती जास्त, हे मान्य. पण मेलेल्या झाडाला तेल्याही येत नाही.

मंगळवेढा : जिरायत ज्वारी, साठ दिवसांची. जमीन फाटायला लागलीय. एक पाणी देता येत नाही, काय फवारू?

काही फवारू नका, कोळपा. आठव्या आठवड्याला दातेरी कोळप्याने भेगा बुजवायच्या, हे तुमच्या आजोबांनाही ठाऊक होतं. ओल भेगांतून जाते, फवाऱ्याने ती परत येत नाही. आणि पाऊस नसल्याने खुंटलेली कोवळी, सुकलेली ज्वारी जनावरांना घालू नका, किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. फुलोऱ्याच्या आधीचा सुकलेला चारा तर अजिबात नको.

बार्शी : दोन बोअर आटले, तिसरा 700 फूट घेऊ का?

नका घेऊ. हा काळा खडक आहे, खोल गेलं म्हणजे पाणी लागतं असं नाही. लागलं तरी अनेकदा क्षाराचं असतं आणि ते ड्रिपमधून बागेला दिलं की दोन वर्षांत पानांच्या कडा जळतात. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर-बोअर घ्यायला कायद्याने बंधन आहे, बोअरवाला हे सांगत नाही. बोअरचे पैसे आहेत ना? त्यांतून आहे त्या विहिरीचं पुनर्भरण करा. ओढ्याचं पाणी गाळणीच्या खड्ड्यातून विहिरीत सोडायचं, गढूळ थेट नाही.

अनुदानाचं : ठिबकला अल्प-अत्यल्पभूधारकांना 80 टक्के, इतरांना 75 टक्के, वैयक्तिक शेततळ्याला कमाल 75,000 रुपये. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर, पूर्वसंमती आल्याशिवाय खरेदी नको. 'आधी माल न्या, मंजुरी मी बघतो' म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून तर मुळीच नको.