सॉ रेझोनेटरमधील सिग्नलची घट कमी कशी करावी?

तुम्ही विचारले आहे की, एसटी-कट (ठरावीक कोनात कापलेल्या) क्वार्ट्झवरच्या ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या दोन पोर्टांच्या सॉ रेझोनेटरमध्ये, म्हणजे पृष्ठीय ध्वनितरंगांवर चालणाऱ्या रेझोनेटरमध्ये, ५० ओहमच्या मापनात १२ डेसिबल घट आणि ५८ किलोहर्ट्झ पट्टारुंदी मिळते. ही घट कमी कशी करावी, आणि नागपुरात मे महिन्यात गच्चीवरच्या डब्यात हाच सिग्नल दुपारी आणखी का पडतो? मीही नागपुरातच बिनतारी संवेदकांची सर्किटे तयार करून तपासतो, त्यामुळे या दुसऱ्या अडचणीशी माझा चांगलाच परिचय आहे.

रेझोनेटरच्या रचनेला हात लावण्याआधी एक हिशेब करावा. १२ डेसिबल घट म्हणजे एवढी ऊर्जा स्फटिकात जिरली, असा अर्थ होत नाही. क्यू म्हणजे अनुनाद किती तीक्ष्ण आहे याचे माप; बाहेरचे सर्किट जोडलेले असताना तो भारित, आणि रेझोनेटरचा एकट्याचा तो मूळ. मध्य वारंवारतेला पट्टारुंदीने भागले की तुमचा भारित क्यू सुमारे ७,५०० येतो. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या रेझोनेटरमध्ये भारित आणि मूळ क्यू यांचे गुणोत्तर हे, १ मधून पार जाणाऱ्या व्होल्टेजचा अंश वजा केला म्हणजे मिळते. १२ डेसिबलला तो अंश ०.२५ असतो, म्हणून गुणोत्तर ०.७५ आणि मूळ क्यू जवळजवळ १०,००० निघतो. या वारंवारतेवर क्वार्ट्झच्या स्वतःच्या अंतर्गत घर्षणाने ठरणारी मर्यादा सुमारे २४,००० आहे, तेव्हा तुमचा रेझोनेटर मुळीच वाईट नाही. हीच १२ डेसिबल घट २९० किलोहर्ट्झ पट्टारुंदीसह आली असती, तर मूळ क्यू २,००० निघाला असता आणि दोष स्फटिकावरच्या रचनेत शोधावा लागला असता. हा फरक न पाहता नवा मास्क (स्फटिकावर धातूचा नमुना उमटवण्याचा साचा) काढायला घेण्याची चूक वारंवार होते, आणि त्यात वेळ व पैसा दोन्ही जातात, म्हणून मी हे इतक्या आग्रहाने सांगतो आहे.

तुमची घट मुख्यतः कमकुवत जोडणीची आहे. अनुनादाच्या क्षणी रेझोनेटर सुमारे ३०० ओहमच्या रोधासारखा दिसतो आणि ५० ओहमच्या दोन टोकांमध्ये तो अडसर ठरतो. ट्रान्सड्यूसरची, म्हणजे विजेचे तरंगात आणि तरंगाचे विजेत रूपांतर करणाऱ्या धातूच्या बोटांच्या रचनेची, स्थिर धारिता हिशेबात धरून, एक इंडक्टर व एक कपॅसिटर यांच्या साध्या जाळ्याने दोन्ही बाजूंनी १५० ओहम दाखवले, तर घट ६ डेसिबलवर येईल. मात्र त्याबरोबर भारित क्यू ५,००० वर उतरेल. ऑसिलेटरसाठी मी ६ डेसिबलच्या आसपास थांबेन, कारण त्याहून घट्ट जोडणी केली की क्यू झपाट्याने खाली येतो आणि कलागोंगाट, म्हणजे वारंवारतेतली सूक्ष्म थरथर, वाढतो.

मूळ क्यूच वाढवायचा असेल, तर पहिली शंका परावर्तकांवर, म्हणजे तरंग परत पाठवणाऱ्या धातूपट्ट्यांच्या रांगांवर, घ्यावी. एका धातूपट्टीवरून तरंगाच्या आयामाचा ०.५ टक्का भाग परतत असेल, तर २०० पट्ट्यांचा परावर्तक केवळ ५८ टक्के शक्ती परत पाठवतो, तर ६०० पट्ट्यांचा ९९ टक्के. त्यापुढे पट्ट्या वाढवून फारसे हाती लागत नाही. मग पाहायची ती ट्रान्सड्यूसर आणि परावर्तक यांच्यामधली फट. तिथे पट्ट्यांची लय एकदम तुटली, तर पृष्ठभागावरचा तरंग काही प्रमाणात स्फटिकाच्या पोटात शिरतो आणि परत येत नाही. आवश्यक कलाबदल एका जागी न करता अनेक पट्ट्यांच्या अंतरात थोडाथोडा वाटून द्यावा.

ॲल्युमिनियमच्या बोटांचा रोध हा विषय अनेकदा चुकीच्या वजनाने मांडला जातो. तुमच्या वारंवारतेला तरंगलांबी ७.३ मायक्रॉन आणि बोटाची रुंदी १.८ मायक्रॉन असते. अपर्चर, म्हणजे समोरासमोरची बोटे एकमेकांत शिरतात ती लांबी, १०० तरंगलांबी आणि थर १०० नॅनोमीटर धरला, तर एका बोटाचा रोध सुमारे १२० ओहम भरतो. पण विद्युतप्रवाह बोटाच्या टोकाकडे कमी होत जातो आणि सर्व बोटे समांतर असतात, त्यामुळे ५० जोड्यांच्या दोन ट्रान्सड्यूसरांचा मिळून परिणामी रोध ३ ओहमच्या आसपास राहतो. ३०० ओहमपुढे हा १ टक्का आहे. मात्र अपर्चर दुप्पट केले की बोटांचा रोध दुप्पट होतो आणि अनुनादाचा रोध निम्मा होतो, म्हणजे हा वाटा चौपट होतो. उलट अपर्चर फार अरुंद केले, तर तरंग कडेने पसरून निसटतो. २.४५ गिगाहर्ट्झला बोटे ०.३ मायक्रॉनची होतात, आणि तिथे हीच बाब निर्णायक ठरते. थर जाड करून रोध कमी होतो हे खरे, पण जाड पट्टीच्या कडांवरून तरंग अधिक विखुरतो, म्हणून मी जाडी तरंगलांबीच्या दीड ते दोन टक्क्यांपलीकडे नेणार नाही.

स्वच्छतेबाबत थोडक्यात सांगतो: तरंगाची बहुतेक ऊर्जा पृष्ठभागाखालच्या एक-दोन तरंगलांबींतच असते, त्यामुळे उघड्या स्फटिकावर धूळ, ओलावा किंवा बोटाचा ठसा अजिबात चालत नाही. स्फटिकाची डबी कोरड्या नायट्रोजनमध्ये बंद करावी; निर्वातात हवेमुळे होणारी घटही टळते.

आता गच्चीवरच्या दुपारबद्दल. एसटी-कट क्वार्ट्झची वारंवारता सुमारे २५ अंशांच्या वळणबिंदूपासून तापमानातील फरकाच्या वर्गानुसार खाली सरकते, दर अंशवर्गामागे साधारण ०.०३२ दशलक्षांश. उन्हात तापलेल्या डब्यात ७० अंश झाले, तर ४५ अंशांच्या फरकाने ६५ दशलक्षांश, म्हणजे २८ किलोहर्ट्झ सरकणे आले. तुमची अर्धी पट्टारुंदी २९ किलोहर्ट्झ आहे. प्रेषकाची वारंवारता स्थिर असेल, तर रेझोनेटरमध्ये कोणतीही नवी घट न होताही सिग्नल जवळजवळ ३ डेसिबलने पडणारच. गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका संवेदकाचे असेच झाले होते आणि डबा सावलीत हलवताच वाचने पूर्ववत आली. पुढच्या मापनात डबीवर थर्मोकपल चिकटवून प्रत्येक वक्राबरोबर तापमान नोंदवा आणि शिखर किती किलोहर्ट्झ सरकले ते पाहा. शिखराची उंची तीच राहून ते फक्त डावीकडे गेले, तर उपाय डब्याच्या सावलीत किंवा अधिक तापमानासाठी निवडलेल्या क्वार्ट्झच्या कापात आहे.