देखणा नायक आणि साधी मी

"मॅडम, सिनेमात चष्मेवाल्या, वेंधळ्या मुलीलाही हीरो मिळतो. माझ्याकडे कोणी वळूनसुद्धा बघत नाही." शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यावर एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. सांगणाऱ्या मुली विशी-तिशीतल्या, शिकलेल्या, कमावत्या असतात. कोणाच्या सुरात आशा असते, कोणाच्या कडवटपणा. मुळाशी समजूत मात्र एकच असते: देखण्या पुरुषाने मला निवडलं, तरच मी बरी आहे हे सिद्ध होईल.

मेधा (नाव आणि तपशील बदलले आहेत) अशीच माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. वय २९, कामात चोख, बोलताना किंचित अडखळणारी. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यावर तिचं दोन वर्षांपासून मन जडलं होतं आणि त्या दोन वर्षांत कामाखेरीज ती त्याच्याशी अवाक्षरही बोलली नव्हती. रात्री ती असे सिनेमे बघायची. "बघताना छान वाटतं. संपला की आरशासमोर उभं राहवत नाही."

सुरुवातीच्या भेटी दात, रंग, अडखळणं यांच्या उजळणीतच गेल्या. "अगं, तू छान दिसतेस," असं मी तिला एकदाही म्हटलं नाही. जवळची माणसं मायेने तसं म्हणतात, पण त्यातून एवढंच ठरतं की दिसण्यावरूनच माणसाची किंमत करायची, फक्त गुण जरा सढळ हाताने द्यायचे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारांवर माझं काम उभं आहे. एखाद्या गुणाचं, एखाद्या वागण्याचं मूल्यमापन खुशाल करा, अख्ख्या माणसाचं करू नका, हा त्या विचारांचा गाभा. दात पुढे आहेत, हे खरं असू शकतं. 'म्हणून मी टाकाऊ' हे त्यातून निघत नाही.

सिनेमे बघू नकोस, असंही मी सांगितलं नाही. उलट तिच्या आवडीचे सिनेमेच चर्चेला घेतले. 'कुछ कुछ होता है' (१९९८) मधली आखूड केसांची, बास्केटबॉल खेळणारी अंजली कॉलेजात नायकाची नुसती मैत्रीण असते. त्याला ती प्रेयसी म्हणून दिसते ती काही वर्षांनी, लांब केसांत आणि साडीत. हॉलिवूडच्या 'शीज ऑल दॅट' (१९९९) मध्ये नायिकेचा चष्मा जातो, केस कापले जातात आणि ती लाल ड्रेसमध्ये जिना उतरते. मेधा स्वतःच म्हणाली, "म्हणजे यात साधी मुलगी जिंकतच नाही. तिला आधी सुंदर करतात, मग जिंकवतात."

"आणि जिथे ती तशीच राहते, तिथे?"

"तिथे तो तिचं मन ओळखतो."

"कशावरून ओळखतो? ती त्याला काय सांगते?"

बराच वेळ विचार करून ती म्हणाली, "फारसं काहीच नाही. आपल्याला माहीत असतं, म्हणून त्यालाही माहीत असेल असं वाटतं."

अगदी बरोबर. आपण दोन तास त्या मुलीबरोबर असतो. तिची खोली, तिचं रडणं, तिचं स्वतःशी बोलणं, सगळं पाहिलेलं असतं. नायकाने तिला ओळखलं की आपल्याला ते पटतं, कारण आपण तिला आधीच ओळखलेलं असतं. मेधाच्या सहकाऱ्याने यातलं काहीच पाहिलं नव्हतं. त्याच्यापुढे दोन वर्षं फक्त कामाच्या फायली होत्या.

मग मी विचारलं, "आता त्या नायकाबद्दल सांग. दिसणं सोडून."

"तो... हसतो छान."

"ते दिसण्यातच आलं."

ती हसली. मग मी तिच्या सहकाऱ्याबद्दल तेच विचारलं. उंची, आवाज, चालण्याची ढब, एवढं सांगून ती अडली. डोळे भरून आले. "मॅडम, मला त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही. लोक मला ज्या नजरेने बघतील म्हणून मी घाबरते ना, त्याच नजरेने मी त्याला बघत होते."

अशा क्षणासाठी मी हे काम करते. हे मला तिच्याआधी दिसलं होतं, पण मी ते बोलून दाखवलं असतं तर तिला तो आरोप वाटला असता. तिचं तिला सापडलं, म्हणून त्यात अपराधीपणापेक्षा सुटका जास्त होती. या सिनेमांची खरी मेख मला इथेच दिसते. ते वरवर साध्या मुलीची बाजू घेतात, पण तिला बक्षीस म्हणून देखणेपणच देतात. 'तिला त्याच्यात काय आवडलं?' हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

पहिल्या भेटीत दिसण्याला महत्त्व असतं, हे मी कोणापासून लपवत नाही. पण ते तसंच टिकत नाही. लुसी हंट, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल या संशोधकांनी २०१५ मध्ये १६७ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओळख होताच एकत्र आलेल्या जोडप्यांमध्ये दोघांचं देखणेपण बरंचसं सारखं होतं. आधी बराच काळ ओळख किंवा मैत्री असलेल्यांमध्ये हे साम्य कमी होतं. मात्र नुसता काळ जाऊन भागत नाही. मेधाचीही दोन वर्षं गेलीच होती. त्या काळात बोलणं व्हावं लागतं.

म्हणून मी तिला रोज कामाबाहेरचं एक तरी वाक्य बोलायला सांगितलं. त्याच्याशीच नव्हे, कोणाशीही, आणि आवडून घेण्यासाठी नव्हे, समोरचा माणूस कळावा म्हणून. काही आठवड्यांनी तिने त्याला बाहेर भेटण्याबद्दल विचारलं. त्याने सभ्यपणे नकार दिला. पुढच्या भेटीत ती म्हणाली, "वाईट वाटलं. पण भयंकर नाही वाटलं." या दोन शब्दांमधलं अंतर कापायला तिला अनेक महिने लागले होते, आणि तिच्याइतकाच मलाही त्याचा अभिमान वाटला.

तुमचंही मेधासारखं होत असेल, तर मनात भरलेल्या माणसाबद्दल दिसणं सोडून पाच गोष्टी लिहून बघा. नाही जमल्या तर तुम्ही अजून त्याच्या प्रेमात नाही, त्याच्या पसंतीच्या शोधात आहात. जमल्या तर मग बोला, तुमच्या अडखळत्या आवाजात बोला. मात्र रोज तासन्‌तास आरशासमोर जात असतील, एखाद्या व्यंगाच्या विचाराने घराबाहेर पडणं टळत असेल, तर केवळ गप्पांवर विसंबू नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. तो एक आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत.