राग रक्तात असतो का?

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय बाळा,

"आजोबा तापट, बाबा तापट, राग आमच्या रक्तातच आहे; मग माझं काय वेगळं होणार?" तुझ्या पत्रातलं हे वाक्य मनातून जाईना. जनुकशास्त्र शिकायची तुझी इच्छा आहे ना, मग आधी हेच वाक्य तपासू.

जनुकांचा वागण्याशी संबंध आहे, यात शंका नको. केळ्यांवर घोंघावणारी चिलटं कोषातून साधारण पहाटेच्या सुमारास बाहेर पडतात. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांना वेळ चुकवणारी चिलटं सापडली. काहींचा दिवस १९ तासांचा, काहींचा २८ तासांचा, काहींना वेळेचा पत्ताच नाही. तिन्ही दोष एकाच जनुकातले निघाले! त्या जनुकापासून बनणारं प्रथिन रात्री पेशीत साठतं, स्वतःच्याच जनुकाला थांबवतं, मग विरघळतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. हे चक्र उलगडण्याच्या कामाला २०१७ चं नोबेल मिळालं. माणसातही तशी घराणी आहेत: संध्याकाळी साडेसातला डोळे मिटू लागतात, पहाटे साडेचारला टक्क जाग. त्यातल्या एका घराण्याच्या सवयीचं मूळ २००१ मध्ये असल्याच एका जनुकात सापडलं.

रागाचं मात्र असं एकच जनुक नाही. जनुक प्रथिन कसं बनवायचं याची कृती सांगतं. राग ते थेट बनवत नाही. चेतापेशींमधले निरोप किती जोरात जातील, किती लवकर थांबतील, यात असंख्य जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो.

"स्वभाव निम्मा आनुवंशिक" अशा बातम्या वाचून घाबरू नकोस. तो आकडा तुझ्याबद्दल नसतोच. माणसामाणसांतल्या फरकाबद्दल असतो. तुमच्या निफाडच्या बागेतच बघ. थॉमसन द्राक्षाच्या वेली काडीपासून वाढवलेल्या, ज्यावर कलम केलं तो खुंटही सगळीकडे डॉगरिज जातीचाच, म्हणजे जनुकं जवळजवळ हुबेहूब. तरी एक ओळ भरते, दुसरी रोडावते. हा फरक माती, पाणी, छाटणीचा. त्या बागेत आनुवंशिकतेचा आकडा शून्याजवळ येईल. पण म्हणून जनुकं रिकामी बसलीत का? प्रत्येक मण्यात ती राबतायत. हे एवढं नीट समजलं तर पुढचा बराच अभ्यास सोपा जाईल.

आता बाबांबद्दल. रात्रीच्या लाइटला मोटर सुरू करायला ते कित्येकदा उठतात, असं तूच लिहिलंस. अपुऱ्या झोपेनंतर मेंदूतला भीती-संतापाच्या वेळी पेटणारा अमिग्डाला जास्त भडकतो आणि त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाची पकड सैल होते. तुझ्या वयात तर तो भाग अजून घडतोय. पंचविशीपर्यंत घडत राहतो. तुझंही रात्री दोन-दोनपर्यंत जागरण चालतं. त्या घरात रक्ताइतकीच झोपमोडही वारशाने चाललेली नसेल कशावरून?

तेव्हा एक वही कर. पंधरा दिवस रोज लिही: किती वाजता झोप, किती वाजता जाग, मध्ये किती वेळा उठणं झालं, राग कधी आला, कशावरून. तुझी नोंद डाव्या पानावर, बाबांची उजव्या. पंधरा दिवसांवरून सिद्धान्त मांडायचा नाही, पण प्रश्न नीट विचारता येईल. वही घेऊन घरी ये, सोबत बसून बघू.

आणि बाबांची नोंद त्यांना सांगूनच ठेव.

तुझे,
सर