मुलांशी मोकळं वागलं तर धाक राहील का?

प्रश्न : माझं वय 26. गायनात विशारद झाले, शिवाजी विद्यापीठातून संगीतात एम. ए. केलं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरीच क्लास घेते. जूनमध्ये 18 मुलं होती, दिवाळीनंतर 11 उरली. परवा एक आई म्हणाली, "ताई, क्लासचा दिवस आला की पोरीच्या पोटात दुखतंय." मुलांशी मोकळं वागले तर धाक राहणार नाही, असं वाटतं. मी शिकवायच्या लायक नाही का? सरळ नोकरी बघू का?

उत्तर : सात मुलं का गेली, हा प्रश्न ज्या ताईला झोपू देत नाही तिला मी नालायक म्हणणार नाही. पण आधी त्या पोटदुखीबद्दल बोलू, कारण ती माझ्या ओळखीची आहे.

सातवीत असताना गाण्याच्या क्लासमध्ये माझा निषाद, म्हणजे नी, लागेना. सरांनी सगळ्यांसमोर पेटीचा भाता मिटला आणि खिडकीबाहेर बघत बसले. भात्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढे वर्षभर मी समूहात नुसते ओठ हलवले. सरांना कळलंही नाही. गवई म्हणून ते फार चांगले होते.

तुमच्या भागात तालमी आहेत. एखाद्या पहाटे तिथं जाऊन बघा. नवं पोरगं रोज कितीदा तरी लाल मातीत पडतं, त्याला कुणी हसत नाही. वस्तादांचा धाक असतोच, पण तो उशिरा येण्याबद्दल, जोर-बैठका चुकवण्याबद्दल. पडण्याबद्दल नसतो. गाण्यातल्या शिक्षणालाही आपण तालीमच म्हणतो. तुमचा धाक वेळेला आणि रियाजाला ठेवा, बेसूर लागण्याला ठेवू नका. एवढी एक गोष्ट जमली तर मोकळं वागूनही शिस्त राहते.

आता एक विचारतो. मुलं कोणत्या पट्टीत गातात, म्हणजे त्यांचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर असतो? बहुतेक क्लास शिकवणाऱ्याच्या पट्टीत चालतात. बाई काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, गात असल्या, तर सगळी खोली काळी चारमध्ये. मग एखाद्या मुलाचा खालचा षड्ज, म्हणजे सा, भरत नाही, एखादी वरचा षड्ज ओरडून गाठते, आणि आपण म्हणतो, हिला सूर नाही. नवीन मुलाला शाळेतली प्रार्थना त्याच्या मनानं म्हणू द्या आणि तुम्ही पेटीवर त्याचा सा शोधत जा. ताई आपल्या सुराजवळ आल्या, हे त्याला आपोआप कळतं. मोकळेपणा तिथून सुरू होतो, चॉकलेट वाटून नाही.

गेलेल्या सातांत तेरा-चौदा वर्षांचे मुलगे किती होते? या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मधल्या काळात तो फुटतो, घसरतो. कुणी हे सांगितलं नाही तर पोराला वाटतं, आपला गळा गेला. त्याची पट्टी उतरवा, ताना थांबवा, तबल्यावर ताल धरायला बसवा. क्लास मात्र सुटू देऊ नका.

लहानांसाठी एक प्रयोग सांगतो. भूप रागाचा आरोह, म्हणजे चढते सूर, म्हणवून घ्या : सा रे ग प ध सां. मग फक्त गंधाराच्या (ग) जागी शुद्ध मध्यम (म) घ्या. भूपाचा दुर्गा राग होतो. काय बदललं ते तुम्ही सांगू नका, मुलांना शोधू द्या. ज्याला सापडतं त्याचा चेहरा बघा. कौतुकही नेमकं करा. 'छान' म्हटलेलं मूल विसरतं. 'आज तुझा पंचम नीट टेकला' हे घरी जाऊन सांगतं.

एखाद्या रविवारी मुलांना देवल क्लब या आपल्या संगीतसंस्थेच्या मैफलीला न्या. जाता जाता अल्लादियाखाँसाहेबांची गोष्ट सांगा. शाहू महाराजांच्या दरबारातला हा गवई. ऐन उमेदीत अतिगायनानं त्यांचा आवाज बिघडला आणि त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी मेहनतीनं घडवली. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी ती हीच. मोठा माणूसही अडखळला होता, हे मुलांना आपल्याच गावातल्या माणसाकडून कळू दे.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा वर्षातून दोनदा होतात, त्यामुळं पालक कितीही मागे लागले तरी कच्च्या मुलाला फॉर्म भरायला लावू नका. पुढचं सत्र आहेच.

नोकरीबद्दल : शाळेत संगीत शिक्षकाच्या जागा मोजक्याच निघतात, त्यामुळं जाहिरातीतली पात्रता वाचून अर्ज करत राहा. पण क्लास बंद करू नका. शाळेच्या वर्गात पन्नास मुलं समोर असतील, तिथंही हेच कौशल्य लागणार आहे.

त्या मुलीच्या आईला आज संध्याकाळी फोन करा. फीविषयी, परीक्षेविषयी काही बोलू नका. मुलीला फोनवर घ्या, तिला कुठलं गाणं आवडतं ते विचारा आणि गुरुवारी आपण तेच घेऊन बसू, असं सांगा.