कोळंबीच्या पाण्याला कोणता व्हॉल्व्ह?

प्रश्न : वाळूजला आमचे लहान मशिन शॉप आहे. रत्नागिरीकडच्या एका कोळंबी हॅचरीने समुद्राचे पाणी कमी-जास्त सोडण्यासाठी दोन इंची ग्लोब व्हॉल्व्ह मागितले आहेत. दाब चौरस सेंटीमीटरला तीन किलोच्या आत. ३१६ स्टेनलेसचे द्यावेत की गनमेटलचे?
— एक वाचक, वाळूज

उत्तर : दोन्ही नकोत.

३१६ वर तुमचा भरवसा का, ते समजते. जायकवाडीच्या पाण्यावर तो वर्षानुवर्षे कुरकुरत नाही. पण समुद्राच्या एका लिटरमध्ये नुसते क्लोराइडच १९ ग्रॅमच्या आसपास असते. पाणी वाहते आहे तोवर ३१६ एकवेळ तग धरेल. पंप बंद पडला की गॅस्केटखाली, सीट रिंगच्या (डिस्क जिच्यावर टेकून पाणी अडवते ती कडी) आट्यांत पाणी अडकून बसते. तिथला प्राणवायू संपतो, आम्लता वाढते आणि स्टेनलेसवरचा संरक्षक थर तुटतो. वरून व्हॉल्व्ह चकचकीत, आणि खोलून बघावा तर फ्लँजच्या तोंडावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. त्यातले २-३ टक्के मॉलिब्डेनम इथे पुरत नाही.

गनमेटल, म्हणजे तांबे-कथिलाचे एक ब्रॉन्झच, खाऱ्या पाण्यात बरे टिकते. तुम्ही कंडेन्सरच्या लाइनसाठी विचारले असते, तर त्याच्याही पुढे जाऊन निकेल ॲल्युमिनियम ब्रॉन्झ घ्या म्हटले असते. पण हे पाणी कोळंबीच्या पिलांच्या टाकीत जाणार, आणि ब्रॉन्झमधून सुटणारे तांबे त्या पिलांना विष. व्हॉल्व्ह टिकेल, गिऱ्हाईक टिकणार नाही.

एवढ्या कमी दाबाला यूपीव्हीसीचा (कडक प्लास्टिकचा) ग्लोब व्हॉल्व्ह, ईपीडीएम रबराच्या सीलसह, सरळ सुचवा. पाण्याला लागणारा एकही धातूचा स्क्रू आत नको, आणि उन्हात बसवणार असतील तर वर आडोसा हवा. तुमच्या मशिनला त्यात काम नाही, हे खरे. धातूचाच हवा म्हणाले तर सुपर डुप्लेक्स, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम जास्त असलेले वरच्या दर्जाचे स्टेनलेस. बॉडीबरोबर डिस्क, सीट, स्पिंडलही त्याचेच. भाव ऐकून समोरचा गप्प होईल, तेवढी तयारी ठेवा.

पाइप दोन इंची म्हणून व्हॉल्व्ह दोन इंची, हेही धरून चालू नका. मिनिटाला किती लिटर लागते ते आधी विचारा. मोठा व्हॉल्व्ह कायम अर्ध्या आट्यावर चालवला की फटीतून पाणी सुसाट सुटते, सोबतची वाळू सीट खरवडते, आणि मग कितीही आवळा, तो गळतोच.

आणि आपल्याकडे ढलाई आली की आधी लोहचुंबक लावतात. सुपर डुप्लेक्सला तो चिकटणारच, निम्मे फेराइट, म्हणजे लोखंडाचे चुंबकाला चिकटणारे रूप, असते त्यात. खोटा माल म्हणून परत पाठवू नका. ढलाईवरचा हीट नंबर (धातूच्या त्या वितळणीचा क्रमांक) टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवा आणि शंका आली तर पीएमआय, म्हणजे यंत्राने मिश्रधातूतल्या घटकांची तपासणी, करून घ्या. ३०४ आणि ३१६ मधला फरक तर चुंबकाला मुळीच कळत नाही.